सुगंधोपचार : वासाने काय होतं आणि काय होत नाही

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी मला ‘सुगंधोपचार’, म्हणजे ज्याला हल्ली सगळे ॲरोमाथेरपी म्हणतात, त्यावर बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडले होते. म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल, नोकरी रेल्वेत कॅरेज अँड वॅगनला. माझ्या कपड्यांना येतो तो ग्रीसचा वास, आणि त्याला सुगंध म्हणणारा अजून भेटलेला नाही. त्यावर ते म्हणाले, “पण तुमचं नाक गेलं होतं ना? मग तुम्हीच बोला.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याची चेन एकदा ओढली गेलीय त्यालाच चेनची माहिती विचारावी, तसं हे आहे.

तर आधी माझ्या नाकाची गोष्ट सांगतो आणि मग उपचाराकडे वळतो.

एप्रिल २०२१. कानपुरात तेव्हा काय चाललं होतं ते इथे बसलेल्या कुणाला सांगायची गरज नाही. मलाही कोविड झाला. माझा सौम्य होता, पाच दिवस ताप आणि घरातल्याच एका खोलीत मुक्काम. सहाव्या दिवशी सकाळी सौ.ने दाराबाहेर चहा ठेवला. मी घोट घेतला आणि आतून ओरडलो, “आज आलं घातलं नाहीस का?” ती म्हणाली, “रोजच्या दुप्पट घातलंय.” तेव्हा कळलं. साबण हुंगला, कांदा हुंगला, फिनेलच्या बाटलीत नाक घातलं. काही नाही. एखाद्या भिंतीला नाक लावावं तसं.

लोकांना वाटतं, वास गेला म्हणजे काय मोठं गेलं? डोळे नाहीत गेले, कान नाहीत गेले. मलाही पहिले पंधरा दिवस तसंच वाटलं. पण आमच्या कामात नाक हे हत्यार आहे, हे मला ड्यूटीवर परतल्यावर समजलं. गाडी फलाटात शिरते तेव्हा आमची माणसं दोन्ही बाजूंना खाली बसून चाकांकडे बघत असतात, ते तुम्ही पाहिलं असेल. बघतात, ऐकतात आणि वासही घेतात. ब्रेक चिकटून राहिला असेल तर डबा समोरून जाताना एक विशिष्ट करपट वास येतो. बेअरिंग तापलं असेल तर जळक्या ग्रीसचा वेगळा. वायरीचं इन्सुलेशन जळतं त्याचा आणखी वेगळा. वीस-बावीस वर्षं केलेल्या माणसाला डोळे मिटून यातला फरक सांगता येतो. आता आमच्याकडे पिस्तुलासारखं दुरून तापमान मोजायचं यंत्र असतं, पण यंत्र कुठल्या चाकावर रोखायचं हे बऱ्याचदा नाक सांगतं.

जूनमध्ये एका संध्याकाळी गाडी आली. एक डबा माझ्या समोर चार हातांवर उभा राहिला. माझ्या हाताखालचा मुलगा, नोकरीला जेमतेम तीन वर्षं झालेला, पळत आला. “साहब, ब्रेक बाइंडिंग है, इतनी बदबू आ रही है!” मी तिथेच उभा होतो. मला काहीही आलं नव्हतं. त्याने यंत्र रोखलं, चाक चांगलंच तापलं होतं. ब्रेक सोडवला, गाडी पुढे गेली, काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरा प्रसंग घरातला. एका दुपारी मी एकटा होतो, स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो. दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि बटण चालूच. सौ. बाहेरून आली ती दारातूनच किंचाळली. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं रसायन मिसळतात. माझ्यासाठी ते मिसळलं काय आणि न मिसळलं काय, सारखंच होतं.

मग मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं की यावर खात्रीचं औषध नाही, पण एक व्यायाम आहे. त्या व्यायामाकडे येण्याआधी नाकाची रचना थोडक्यात सांगतो, कारण सुगंधोपचाराचं सगळं खरं-खोटं त्या रचनेत आहे.

आपण नाक म्हणतो तो बाहेरचा भाग म्हणजे नुसता फलाट. वास ओळखणारी जागा वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छताला असते. दोन्ही बाजू मिळून टपालाच्या एक-दोन तिकिटांएवढी. तिथे लाखो मज्जापेशी असतात आणि त्यांच्या टोकांवर वासाचे कण पकडणारे ग्राहक असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ साली या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लावला, त्याबद्दल त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. गंमत अशी की एक वास म्हणजे एक ग्राहक असं नाही. गुलाबात शेकडो रसायनं असतात, ती मिळून ग्राहकांचा एक गट वाजवतात, पेटीवरच्या पट्ट्यांसारखा. केवड्याचा गट वेगळा, शेंदराच्या तेलाचा वेगळा.

या पेशींच्या तारा चाळणीसारखी भोकं असलेल्या एका पातळ हाडातून थेट मेंदूत जातात. आता रेल्वेच्या भाषेत सांगतो. डोळा, कान, त्वचा यांच्याकडून येणारा निरोप आधी मेंदूतल्या एका जंक्शनवर, थॅलॅमसमध्ये थांबतो आणि तिथून पुढे पाठवला जातो. वासाचा निरोप या जंक्शनवर न थांबता पुढे जातो. आणि तो जिथे उतरतो तो भाग म्हणजे भीती, माया, राग आणि आठवणी यांचा मोहल्ला. म्हणूनच वास आधी मनाला लागतो आणि त्याचं नाव नंतर आठवतं. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, वडील शेडमध्ये होते. आजही डिझेल आणि ओल्या खाकीचा एकत्र वास आला की मी क्षणभर आठ वर्षांचा होतो आणि दारात सायकल टेकवल्याचा आवाज येतो. तुम्हा प्रत्येकाचा असा एक वास असेल.

वास घेताना मन शांत होतं, श्वास संथ होतो, नाडी थोडी उतरते, याचं कारण हे. त्यात जादू नाही. तेलाचे कण त्वचेतून आणि फुप्फुसांतूनही थोडे रक्तात जातात. लव्हेंडरच्या तेलाने मालिश केल्यावर त्यातलं लिनॅलूल हे रसायन वीसेक मिनिटांत रक्तात सापडतं, असं मोजलेलं आहे. पण मात्रा फार थोडी असते. तेव्हा हुंगून होणाऱ्या परिणामात मोठा वाटा मेंदूचा, आणि आपल्याला बरं वाटणार आहे या अपेक्षेचाही.

आता व्यायाम. जर्मनीत ड्रेस्डेन इथल्या डॉक्टरांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला. चार वास घ्यायचे : गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळी आणि रात्री, प्रत्येक वास दहा-वीस सेकंद, मन लावून. हुंगताना तो वास पूर्वी कसा यायचा हे आठवायचं. निदान बारा आठवडे. वासाच्या मज्जापेशी आयुष्यभर मरत आणि नव्याने उगवत असतात, मेंदूतल्या फार थोड्या पेशींना हे भाग्य आहे. कोविडचा विषाणू या मज्जापेशींवर थेट हल्ला करण्यापेक्षा त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो, असं २०२० पासूनच्या संशोधनातून दिसलं आहे. तेव्हा आशेला जागा असते. नव्याने उगवणाऱ्या तारांना पुन्हा जोडणी शिकवायची, हा व्यायामाचा हेतू.

लवंग घरात, लिंबू बाजारात, निलगिरीचं तेल औषधाच्या दुकानात. गुलाबासाठी मात्र मी ठरवलं की कनौजला जायचं. कानपुरात राहून गुलाबासाठी दुसरीकडे जाणं म्हणजे नागपुरात राहून संत्री मागवण्यासारखं! अनवरगंजहून फर्रुखाबादच्या लाइनवर निघायचं. वाटेत मंधना येतं, तिथे आपल्या लोकांना बिठूर आणि नानासाहेब पेशवे आठवतातच. ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा प्रवास.

कनौजला मी सुट्टीवर गेलो होतो, पण बघत राहिलो ते मेकॅनिकलवाल्याच्या डोळ्यांनी. तांब्याचा मोठा हंडा, त्याला देग म्हणतात. त्यात फुलं आणि पाणी. तोंड मातीने लिंपून बंद, कापूस मिसळलेली माती. खाली लाकडं आणि गोवऱ्या. देगेतून बांबूची नळी निघते, तिला चोंगा म्हणतात, त्यावर सुंभ गुंडाळलेला. नळी उतरते ती भपक्यात, लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात, आणि भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला. वाफ तिथे थंड होते आणि भपक्यात आधीच घातलेलं चंदनाचं तेल फुलांचा वास धरून ठेवतं. ना प्रेशर गेज, ना थर्मामीटर. कारागीर देगेला हात लावतो, भपक्याला हात लावतो, आवाज ऐकतो आणि आगीतलं लाकूड मागे ओढतो. हातावरून अंदाज घेणारी ही माणसं मला अगदी आमच्या जुन्या फिटरांसारखी वाटली. पहिल्या पावसाचा वास हवा तर तेही मिळतं, भाजलेली माती देगेत घालून मिट्टीचं अत्तर काढतात. २०१३ मध्ये कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळालं. १९९१ पासून तिथे केंद्र सरकारचं सुगंध आणि स्वाद विकास केंद्रही आहे.

तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला काडीला लावून गुलाब दिला. मी हुंगलो. काही नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी खोटंच “वाह!” म्हटलं. त्याने ओळखलं. म्हणाला, “बाबूजी, करोना हुआ था?” मग स्वतःच बाटली भरून दिली आणि म्हणाला की रोज घ्या, घाई करू नका.

एक सूचना इथेच देतो, कारण नंतर राहून जाईल. शुद्ध गुलाबतेल एक किलो काढायला साधारण तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात. तेव्हा रस्त्यावर शंभर रुपयांत मिळतं ते गुलाबतेल नव्हे, एवढं गणित आपल्याला यायला हवं. चंदन महाग झाल्यापासून अत्तराच्या पायातही बऱ्याच ठिकाणी पॅराफिन असतं. हुंगायला चालेल, अंगाला चोळताना विचार करा.

सातव्या आठवड्यात एका रात्री लवंग हुंगताना काहीतरी जाणवलं. वास म्हणता येणार नाही, वासाची सावली म्हणा. मी सौ.ला उठवलं. तिने विचारलं, “गॅस चालू राहिलाय का?” असो.

पण पुढे जे झालं ते अधिक वाईट होतं. वास यायला लागले ते उलटे. कांद्याच्या फोडणीला जळक्या रबराचा वास, कॉफीला गटाराचा. याला पॅरॉस्मिया म्हणतात, तारा चुकीच्या जोडल्या जात असताना हे होतं, आणि बऱ्याचदा ते सुधारणेचंच लक्षण असतं. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आईला कोण सांगणार? ती भुसावळहून आली होती, मुलगा आजारातून उठलाय म्हणून रोज काहीतरी करायची आणि मी ताट सरकवायचो. दहीभात, केळं, गार दूध, यावर मी तीन महिने काढले. त्या वर्षी गणपतीला तिने उकडीचे मोदक केले. मी पाच खाल्ले. वेलची कळली नाही, तूप कळलं नाही, नुसतं ऊन आणि गोड काहीतरी. “कसे झालेत?” “छान.” तिनेही त्या कारागिरासारखंच ओळखलं, पण बोलली नाही.

२०२२ च्या मध्यापर्यंत माझा वास बराचसा परत आला. पूर्ण नाही, पण कामापुरता नक्की. मी चारांच्या जोडीला पाचवी बाटली ठेवली होती, तिच्यात आमच्या डेपोतलं ग्रीस. घरात त्यावरून बरीच बोलणी खाल्ली. पण पहिला स्वच्छ, ओळखीचा वास आला तो त्याच बाटलीचा.

आता हे व्यायामाने झालं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला माहीत नाही. बऱ्याच लोकांना काही न करताही हळूहळू वास परत येतो. व्यायाम केलेल्यांत सुधारणा जास्त दिसते असं अनेक अभ्यास म्हणतात आणि त्यात धोका काही नाही, म्हणून डॉक्टर तो सुचवतात. पण व्यायाम न करणारा दुसरा मी शेजारी ठेवलेला नव्हता. तुलनेला दुसरी गाडी नसताना, नवीन पॅडमुळे ही गाडी वेळेवर आली, असं म्हणता येत नाही.

सुगंधोपचारात नेमका हाच घोळ आहे. याची सुरुवात ज्या गोष्टीपासून सांगतात ती घ्या. रने-मोरिस गॅटफोसे नावाचे फ्रेंच रसायनतज्ज्ञ. १९१० मध्ये प्रयोगशाळेत स्फोट होऊन त्यांचे हात भाजले. लोकप्रिय कथा अशी की त्यांनी हात शेजारच्या लव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला आणि हात डाग न राहता बरा झाला. त्यांनी स्वतः लिहिलंय ते वेगळं आहे : ते हिरवळीवर लोळून आग विझवतात, पुढे जखमेत गॅस गँगरीन होऊ लागतं आणि मग ते लव्हेंडरचा अर्क वापरतात. १९३७ मध्ये त्यांनी ‘आरोमातेरापी’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि हा शब्द रूढ झाला. एका माणसाचा एक अनुभव, आणि तोही सांगता सांगता वाढलेला. गॅटफोसे प्रामाणिक होते, पण त्यांच्या नावावर आज बाटल्या विकणारे सगळे तसे असतील असं नाही.

मग यात खरं काय टिकलं? पुष्कळ टिकलं आहे, म्हणून तर बोलतोय. पेपरमिंटच्या तेलाच्या कॅप्सूल आतड्याच्या त्रासावर, पोटात वारंवार कळा येतात त्यावर, डॉक्टर देतात. ते तेल आतड्याचे स्नायू सैल करतं. इथे काम नाकाचं नाही, तेलाच्या रसायनाचं आहे, म्हणून कॅप्सूलही आतड्यात जाऊन विरघळणारी असते. लव्हेंडरच्या तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल जर्मनीत अस्वस्थतेवर वापरतात, तिच्या रीतसर चाचण्या झाल्यात. टी-ट्री तेलाचं ५ टक्क्यांचं जेल मुरुमांवर चालतं, १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात त्याची तुलना नेहमीच्या औषधाशी केली तेव्हा ते हळू चाललं, पण त्वचेला त्रास कमी झाला. लवंगेतलं युजेनॉल दाताच्या डॉक्टरकडे आजही असतं, झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं भरतात. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे इंजेक्शनआधी पुसतात तो स्पिरिटचा बोळा. मळमळ होत असताना तो नुसता हुंगला तर आराम पडतो, असं अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांत केलेल्या चाचण्यांत दिसलं. याला ना फूल लागतं ना कनौज.

दुसऱ्या बाजूला २००८ मध्ये ओहायोमधल्या संशोधकांनी ५६ निरोगी माणसांना लिंबू आणि लव्हेंडर हुंगवलं. लिंबाने मन प्रसन्न झालं, हे खरं. पण प्रतिकारशक्ती, त्वचा भरून येण्याचा वेग, ताणाची संप्रेरकं, वेदना, यातल्या कशातही सुधारणा दिसली नाही. मन प्रसन्न होणं ही लहान गोष्ट नव्हे. झोप न लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी रुमालावर दोन थेंब ठेवले आणि त्याला बरं वाटलं, तर ठेवावेत. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घाबरलेल्या माणसाचे पाय हलक्या हाताने, सुवासिक तेलाने चोळले तर त्याला धीर येतो, यात हाताचा वाटा किती आणि तेलाचा किती हे मोजत बसू नये. पण बाटलीबरोबर मधुमेह, थायरॉइड, संधिवात, असा चाळीस रोगांचा तक्ता येतो. आमच्या कॉलनीतही असा तक्ता फिरून गेला. त्या तक्त्यातला एकही रोग हुंगून बरा झाल्याचा पुरावा नाही.

आता मेंथॉल. आपण उत्तर प्रदेशात राहतो, इथल्या मेंथ्याचं कौतुक आपल्याला हवंच. बाराबंकी, रामपूर, संभल या पट्ट्यात उन्हाळ्यात शेतंच्या शेतं पुदिन्याच्या या जातीने हिरवी असतात. लखनौच्या ‘सीमॅप’ संस्थेने त्याच्या सुधारित जाती काढल्या आणि भारत मेंथा तेलात जगात पहिला झाला. हेच मेंथॉल बाममध्ये असतं. सर्दीत लावलं की नाक उघडतं. उघडतं ना? उघडत नाही. नाकातून हवा किती जाते हे यंत्राने मोजलं तर आधी जेवढी जात होती तेवढीच जाते. मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाला चाळवतं, टीआरपीएम-८ त्याचं नाव. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांच्या शोधाला २०२१ चं नोबेल मिळालं, त्यातच हाही येतो. थंड हवा आत गेल्याचा भास होतो आणि मेंदू समजतो, श्वास मोकळा झाला. ही जाणीव वासाच्या नसेतून नाही, चेहऱ्याच्या दुसऱ्याच नसेतून जाते. माझा वास पूर्ण गेला होता तेव्हाही बामचा गारवा मला कळत होता, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येत होतं. नाव नसलेला नुसता गारवा, फार विचित्र अनुभव.

हे मी एवढं तपशिलात का सांगतोय ते आता सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये एक मेसेज फिरत होता. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब यांची पुरचुंडी करून हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो. आमच्या डेपोच्या ग्रुपवर तो मेसेज मीच टाकला होता. मला बरं वाटलं होतं तो वाचून. घरगुती, स्वस्त, आजीने सांगितल्यासारखं. आमचे एक सहकारी होते, इथलेच, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. मला कामातले अनेक बारकावे त्यांनी शिकवले. त्यांना ताप आला. मी फोन केला तर म्हणाले, “पोटली सूंघ रहा हूँ, साँस बिलकुल खुली है।” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्याने कुठूनतरी ऑक्सिमीटर आणला, आकडा ७८ होता. चौथ्या रात्री ते गेले.

त्या दिवसांत बेड मिळणं किती अवघड होतं हे आपण सगळे जाणतो. आधी कळलं असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणू शकत नाही. कोविडमध्ये काही जणांना ऑक्सिजन खाली येऊनही धाप लागत नव्हती, हेही नंतर कळलं. पण त्यांनी “साँस खुली है” म्हटलं तेव्हा ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. कापूर आणि निलगिरी मेंदूला नेमकं तेच सांगतात. आकडा काही वेगळंच सांगत होता आणि आकडा बघायला आमच्याकडे दोन दिवस यंत्र नव्हतं. तापलेल्या चाकावर नुसता हात ठेवून कुणी गाडी सोडत नाही, यंत्र रोखतो, आकडा वाचतो, मग सही करतो. हे मी रोज करत होतो आणि मेसेज पुढे ढकलताना मात्र मला त्यातलं काहीच आठवलं नाही. त्यांच्या घरी मी नंतर गेलो, वहिनींना हे सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या की तो मेसेज त्यांच्याकडे आणखी चार ठिकाणांहून आला होता.

उत्सवाचे दिवस आहेत, तेव्हा कापराबद्दल आणखी एक. आरतीच्या ताटात कापराची वडी आणि खडीसाखर शेजारी शेजारी असतात, दिसायलाही जवळपास सारख्या. दोन-तीन वर्षांच्या मुलाला फरक कळत नाही. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. एखाद-दोन ग्रॅमही जीवावर बेतू शकतो. असं झालं तर मुलाला उलटी करवायला जाऊ नका, डबी बरोबर घ्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा. आपल्या मांडवात या वर्षी कापराचा डबा वरच्या फळीवर ठेवला आहे, ही व्यवस्था कार्यकारिणीने माझ्या विनंतीवरून केली, त्यांचे आभार. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला किंवा छातीला कापूर-मेंथॉलचा बाम लावू नका, श्वास अडकू शकतो. ज्यांना फिट्सचा त्रास आहे त्यांनी निलगिरी आणि कापूर यांच्यापासून लांबच राहावं. दक्षिणेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी या तेलांमुळे आलेल्या झटक्यांच्या बऱ्याच नोंदी केल्या आहेत. दम्याच्या माणसाला उग्र वासाने दमा उसळू शकतो, मग तो वास कितीही ‘नॅचरल’ असो. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच तेल वापरू नये.

अंगाला लावायचं तर तेल निव्वळ कधी लावू नका. चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब, एवढं पुरे. लिंबाचं तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी काळी पडू शकते. आणि बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. बाटलीभर निलगिरीचं तेल म्हणजे वासाची वस्तू नव्हे, विषाची बाटली आहे.

प्रश्न विचारायचे असतील तर प्रसादानंतर मी इथेच आहे. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर पाच बाटल्या ठेवल्या आहेत, नावं झाकून फक्त आकडे लावलेत. ज्येष्ठ मंडळींनी डोळे मिटून एकेक हुंगावी आणि चिठ्ठीवर नाव लिहावं. वयानुसार थोडं कमी येणं साहजिक आहे. पण चारांपैकी एकही वास येत नसेल आणि सर्दी वगैरे काही नसेल, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, पुढे गरज पडली तर मेंदूच्याही. पार्किन्सनसारख्या आजारात हात कापू लागण्याच्या काही वर्षं आधीच वास कमी झालेला असतो. आणि घरी गॅसची गळती सांगणारा अलार्म बसवून घ्या, मी बसवला आहे.

पाचव्या बाटलीत ग्रीस आहे. ती नाही ओळखली तरी चालेल. झाकणं मात्र ज्याची त्याला लावा.

गणपती बाप्पा मोरया!